पंप ओढत नाही, वाट पाहतो

पेल्यात स्ट्रॉ घालून आपण सरबत पितो आणि म्हणतो, ‘मी सरबत ओढले.’ खरे पाहता ओढले कोणीच नाही. तोंडातल्या हवेचा दाब कमी झाला आणि पेल्यावरच्या हवेने सरबत स्ट्रॉमध्ये वर ढकलले. ओढणे असे काही नसतेच, असते ते मागून ढकलणे.

आता सरबताऐवजी हवाच काढायची आहे असे समजा. एक लांब धातूची नळी घेतली, एक टोक बंद केले आणि दुसऱ्या टोकाला पंप बसवला. पंप सुरू होताच हवा भराभर बाहेर पडू लागते. जत्रेतल्या गर्दीसारखे हवेचे रेणू एकमेकांना ढकलत पंपाकडे जातात. पण काही वेळाने गर्दी विरळ होते. आणखी काही वेळाने तर इतकी विरळ होते की ढकलायला शेजारी कोणी उरतच नाही. मग नळीतला रेणू पंपाकडे जाणार कसा?

थोडा हिशेब करू. आपल्या खोलीतल्या एक घन सेंटिमीटर हवेत, म्हणजे साधारण खेळातल्या फाशाएवढ्या जागेत, सुमारे अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणू बंदुकीच्या गोळीच्या वेगाने, सेकंदाला साडेचारशे मीटरहून अधिक, धावत असतो. पण एक मिलिमीटरचा सुमारे पंधरा हजारावा भाग जातो न जातो तोच तो दुसऱ्यावर आदळतो. खोलीतला दाब सुमारे १०१३ मिलिबार असतो. तो एका मिलिबारच्या हजाराव्या भागापर्यंत उतरवला, की दोन टकरांमधले अंतर सहा-सात सेंटिमीटर होते. आणि एका मिलिबारच्या हजार कोटीव्या भागापर्यंत उतरवला तर? तेव्हाही त्या फाशाएवढ्या जागेत २५ लाख रेणू उरलेले असतातच (म्हणून ‘निर्वात’ हा शब्द जरा सैलपणेच घ्यायचा), पण एका रेणूला दुसरा भेटेपर्यंत सरासरी साडेसहाशे किलोमीटरहून अधिक जावे लागेल. नळी तर हातभर रुंद. म्हणजे रेणूला रेणू भेटतच नाही. त्याला भेटतात त्या फक्त भिंती.

अशा नळीत पंप काय करतो? वाट पाहतो! रेणू या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत भटकत असतो. भटकता भटकता तो चुकून पंपाच्या तोंडात शिरला, तर पंप त्याला पकडतो. नाही शिरला, तर पंप कितीही मोठा असो, त्याला बोलावू शकत नाही.

एवढी विरळ पोकळी हवी कोणाला? स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर, जिनिव्हाजवळ, ‘सर्न’ ही संशोधन संस्था आहे. तिथे जमिनीखाली २७ किलोमीटर परिघाचे एक वर्तुळाकार यंत्र आहे. त्याचे नाव लार्ज हॅड्रॉन कोलायडर. त्यातल्या नळ्यांमधून प्रोटॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात, सेकंदाला ११,२४५ फेऱ्या. एकदा सोडलेला प्रोटॉनांचा झोत दहा तास फिरत ठेवला, तर त्याचा प्रवास हजार कोटी किलोमीटरच्या पुढे जातो. नेपच्यूनपर्यंत जाऊन परत येण्याएवढा! एवढ्या वाटेत हवेचे रेणू आडवे आले तर झोत हळूहळू विस्कटून जाईल. म्हणून नळ्यांत वर सांगितल्यासारखी, आणि काही ठिकाणी त्याहूनही विरळ पोकळी राखावी लागते.

आणि ती एकदा करून भागत नाही. धातूच्या भिंतींना चिकटलेले पाण्याचे रेणू, धातूत मुरलेला हायड्रोजन, हे सगळे सतत बाहेर झिरपत असते. एकीकडे भिंती रेणू सोडतात, दुसरीकडे पंप ते पकडतात. या दोहोंचा तोल जिथे साधेल तो नळीतला दाब. तेव्हा पंप कुठे बसवायचे, किती अंतरावर, नळी किती रुंद ठेवायची, हे यंत्र बांधण्याआधीच ठरवावे लागते. यंत्र बांधून झाल्यावर ‘इथे आणखी एक पंप हवा होता’ असे लक्षात आले, तर सगळे उकलून पुन्हा जोडायचे का?

साध्या नळीचे उत्तर कागदावर काढता येते. डेन्मार्कच्या क्नुडसेन यांनी १९०९ च्या सुमारास या विरळ प्रवाहाचे नियम मांडले. १९३२ साली क्लाउझिंग यांनी गोल नळीचे आकडे काढले. जेवढी रुंद तेवढीच लांब अशी नळी घेतली आणि एका तोंडातून १०० रेणू आत शिरले, तर सुमारे ५१ पलीकडे निघतात. उरलेले ४९ आल्या वाटेने परत! नळीत अडथळा नाही, जाळी नाही, काही नाही, तरी निम्मे परत. रुंदीच्या पाचपट लांब नळीतून तर १०० पैकी १९ च पलीकडे जातात. नळीला एक कोपर दिला, मध्ये एक जाळी बसवली, एका बाजूला फाटा काढला, की कागदावरचे गणित हात टेकते.

इथे मदतीला आला पत्त्यांचा डाव. १९४६ साली स्टानिस्लाव उलाम हे गणिती आजारातून उठत असताना एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव मांडून बसत. हा डाव सुटण्याची शक्यता किती, असा प्रश्न त्यांना पडला. गणिताने उत्तर काढणे फार अवघड होते. मग त्यांच्या मनात आले, गणित कशाला? शंभर वेळा डाव मांडावा आणि किती वेळा सुटला ते मोजावे. त्यांनी ही कल्पना फॉन नॉयमन यांना सांगितली आणि नव्यानेच आलेल्या संगणकांना एक मोठे काम मिळाले. जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावावरून या पद्धतीला ‘मॉन्टे कार्लो पद्धत’ असे नाव पडले. १९६० साली डेव्हिस यांनी तीच वापरून कोपर असलेल्या नळीतून किती रेणू पलीकडे जातात ते काढले.

हा खेळ तुम्हालाही खेळता येईल. कागद, पेन्सिल, पट्टी, कोनमापक आणि एक फासा घ्या. १२ सेंटिमीटर बाजूचा चौरस काढा. वरची आणि खालची बाजू म्हणजे भिंती. डावी आणि उजवी बाजू उघडी. डाव्या बाजूचे दोन-दोन सेंटिमीटरचे सहा भाग करा व त्यांना क्रमांक द्या. फासा टाका. जे दान पडेल त्या भागाच्या मध्यातून रेणू आत शिरला. पुन्हा फासा टाका, ही त्याची दिशा. डाव्या बाजूला लंब धरा. दान १, २ किंवा ३ पडले, तर रेणू त्या लंबापासून अनुक्रमे ५६, ३० किंवा १० अंश वर झुकेल. ४, ५ किंवा ६ पडले, तर १०, ३० किंवा ५६ अंश खाली झुकेल. पट्टीने सरळ रेघ ओढा. ती उजव्या बाजूतून बाहेर गेली तर रेणू पलीकडे पोचला. भिंतीला लागली तर त्या जागी भिंतीला लंब काढा आणि पुन्हा फासा टाका. आता १, २, ३ ला तेच कोन उजवीकडे आणि ४, ५, ६ ला तेच कोन डावीकडे. रेणू डावीकडून किंवा उजवीकडून बाहेर पडेपर्यंत हे चालू ठेवा.

आता तुम्ही विचाराल, कॅरमच्या सोंगटीसारखा रेणू ज्या कोनात आला त्याच कोनात का परतत नाही? कारण रेणूच्या मानाने गुळगुळीत भिंतही डोंगरदऱ्यांसारखी खडबडीत असते. शिवाय रेणू तिथे क्षणभर थबकतो. कुठून आलो हे तो विसरतो आणि नव्या दिशेने निघतो. मात्र सगळ्या दिशा सारख्या नाहीत. भिंतीला लंब दिशेच्या आसपास जास्त, भिंतीला घासून जाणारी कमी. भिंतीवर अर्धवर्तुळ काढून त्याच्या व्यासाचे सहा सारखे भाग करा आणि प्रत्येक भागाच्या मध्यातून वर्तुळापर्यंत लंब उभा करा. जिथे तो वर्तुळाला भेटेल तो बिंदू वर्तुळाच्या मध्याशी जोडा. आपले १०, ३० आणि ५६ अंशांचे कोन तिथूनच आले.

असे १०० रेणू सोडले तर सुमारे ६९ पलीकडे जायला हवेत. (आपली आकृती सपाट आहे, म्हणून उत्तर गोल नळीच्या ५१ पेक्षा वेगळे.) पण वर्गातल्या तीन गटांनी खेळ खेळला आणि एकाला ६६, दुसऱ्याला ७१, तिसऱ्याला ७३ मिळाले, तर चूक कोणाची? कोणाचीच नाही. शंभर रेणूंच्या खेळात उत्तर पाचाने इकडे-तिकडे होणे अगदी स्वाभाविक आहे. आठ-नऊने झाले तरी लगेच घाबरायचे कारण नाही. ५० मिळाले तर मात्र कोनमापक उलटा धरला होता का ते पाहावे. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

रॉबर्टो केरसेव्हान यांनी १९९० साली ‘मॉलफ्लो’ नावाची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, लिहिली ती हाच खेळ संगणकाकडून खेळवून घेण्यासाठी. पुढे ज्याँ-ल्यूक पाँ यांच्याबरोबर तिला नवे रूप मिळाले. २००९ साली दोघांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. आज ती सर्नमध्ये वाढवली जाते. तिच्यात यंत्राची आतली बाजू लहान-लहान सपाट तुकड्यांनी बनवतात, घडीच्या कागदाचा कंदील करावा तशी. प्रत्येक तुकड्याला गुण द्यायचे. हा किती रेणू सोडतो, आपटलेल्या शंभरांपैकी किती पकडून ठेवतो, त्याचे तापमान किती. पंप म्हणजे तरी काय? बऱ्याच रेणूंना पकडणारा एक तुकडा, एवढेच. मग संगणक फासे टाकू लागतो. रेणू सुटला, कोणत्या तुकड्याला जाऊन लागेल, तिथे अडकेल की परत फिरेल... प्रत्येक टक्कर त्या तुकड्याच्या खात्यात मांडली जाते आणि शेवटी त्यावरून दाब निघतो.

यात एक मोठी सोय आहे. रेणू एकमेकांना भेटत नाहीत, म्हणून एका रेणूचा खेळ दुसऱ्याला विचारावा लागत नाही. आजच्या संगणकात चार, आठ किंवा जास्त प्रक्रियक एकत्र असतात. प्रत्येकाने आपापले रेणू घेऊन वेगळे खेळावे आणि शेवटी बेरीज करावी. वर्गातल्या तीन गटांसारखेच.

या आज्ञावलीचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, सर्वांना खुला आहे. तो कोणीही वाचावा, तपासावा, बदलावा, वाटावा. दाब कसा काढला हे ज्याला तपासायचे आहे त्याला कुलूपबंद पेटी देऊन कसे चालेल? पण मजकूर मिळाला म्हणजे आज्ञावली चालू झाली असे नाही, आणि गंमत इथेच सुरू होते.

मजकूर ‘सी प्लस प्लस’ या भाषेत आहे. ती माणसाला लिहिता-वाचता येते. संगणकाच्या प्रक्रियकाला समजतात ते फक्त अंक. मजकुराचे त्या अंकांत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला कंपायलर म्हणतात. मग एकदाच रूपांतर करून सगळ्यांना वाटावे की! तसे जमत नाही, कारण मधे ऑपरेटिंग सिस्टिम असते. विंडोज, लिनक्स आणि मॅकओएस या तिघी तीन घरच्या कारभारणी. पडद्यावर खिडकी उघडायची, डिस्कवरची फाइल वाचायची, की कारभारणीला सांगावे लागते, आणि प्रत्येकीची सांगण्याची रीत निराळी. तयार आज्ञावलीची फाइल कशी बांधलेली असावी याचेही तिघींचे वेगळे नियम आहेत. विंडोजसाठी बांधलेली फाइल लिनक्सपुढे ठेवली, तर प्रक्रियक तोच असूनही लिनक्स ती ओळखत नाही. २०२० नंतरच्या अ‍ॅपलच्या संगणकांत तर प्रक्रियकच वेगळ्या जातीचा आला.

मॉलफ्लो बरीच वर्षे फक्त विंडोजवर चाले. प्रयोगशाळांतले मोठे संगणक मात्र बहुधा लिनक्सवर चालतात. तेव्हा एकाच मजकुरापासून तिन्हींसाठी आज्ञावली बांधता यायला हवी. त्यासाठी ‘सीमेक’ नावाचे साधन वापरतात. कोणत्या फाइली घ्यायच्या, कोणत्या क्रमाने, बाहेरून काय लागेल, याची पाककृती एकदा लिहायची आणि सीमेक ती ज्या त्या घरच्या चुलीप्रमाणे मांडून देते. तरी एखादा जिन्नस घरात नसतोच. उदाहरणार्थ, काम अनेक प्रक्रियकांत वाटणारे ‘ओपनएमपी’ अ‍ॅपलच्या कंपायलरबरोबर येत नाही, ते वेगळे आणावे लागते.

आणि मग बारीकसारीक काटे. लिनक्सला फाइलच्या इंग्रजी नावातले लहान आणि मोठे अक्षर वेगळे वाटते, विंडोजला सहसा नाही. विंडोजवर वर्षभर बिनबोभाट उघडणारी फाइल लिनक्सवर ‘सापडत नाही’! जर्मनी-फ्रान्समध्ये दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. तिथल्या पद्धतीवर लावलेल्या संगणकाने आपला ०.५१४ हा आकडा टिंबापर्यंतच वाचला, तर त्याला मिळते शून्य. ही चूक वाईट, पण निदान चटकन दिसते.

न दिसणारा काटा मोजणीचा असतो. सी प्लस प्लसमध्ये पूर्णांक ठेवायला ‘लाँग’ नावाचा डबा आहे. आजच्या लिनक्स आणि मॅकओएसवर तो ६४ बिटांचा, पण विंडोजवर ३२ बिटांचाच. ३२ बिटांच्या डब्यात सर्वांत मोठी संख्या मावते २,१४,७४,८३,६४७, म्हणजे सुमारे २१४ कोटी. टकरा मोजायला हा डबा घेतला आणि समजा सेकंदाला दहा लाख टकरा होतात, तर ३६ मिनिटांत डबा भरला. पुढची टक्कर आली की स्कूटरचा किलोमीटरचा काटा फिरून शून्यावर यावा तसा हा आकडा बहुधा उणे २१४ कोटींवर जाऊन पडतो. पडद्यावर इशारा नाही, घंटी नाही. तोच मजकूर लिनक्सवर बरोबर, विंडोजवर चूक, आणि तीही चहा पिऊन येईपर्यंत बरोबर चालल्यानंतर. जाणते लोक म्हणूनच डब्याचे माप मजकुरातच स्पष्ट लिहितात, ‘६४ बिट’. मग दहा लाखांच्याच वेगाने तो भरायला दोन लाख नव्वद हजार वर्षे लागतील.

तिन्ही घरी आज्ञावली बांधून झाली. आता ती बरोबर आहे हे कसे ठरवायचे? तिघांची उत्तरे ताडून पाहावी म्हणाल, तर ती शेवटच्या आकड्यापर्यंत जुळणारच नाहीत. फासे वेगळे पडले, कामाची वाटणी वेगळी झाली. वर्गातल्या तीन गटांसारखेच हे. म्हणून ज्याचे उत्तर आधीच पक्के ठाऊक आहे असे गणित तिला घालायचे. तेच आपले जुने, रुंदीएवढ्याच लांबीच्या नळीचे. तिथे पक्के उत्तर ०.५१४ आहे. दहा हजार रेणू सोडले तर ५१४० पलीकडे जायला हवेत, आणि पन्नासेक इकडे-तिकडे चालतील. विंडोजवर ५१२७ आले, लिनक्सवर ५१६८ आले, मॅकओएसवर ५०९९ आले तर तिन्ही ठीक. कोणावर ५४०० आले तर मात्र कुठेतरी भानगड आहे. रेणू शंभरपट वाढवले की ही सूट टक्केवारीत दहापट आवळते. दहा लाख रेणूंना ५,१४,००० च्या अल्याड-पल्याड पाचशेच. त्यामुळे लहान चुकाही उघड्या पडतात. मजकूर खुला असल्याने ही परीक्षा कोणीही, आपल्या घरच्या संगणकावर, घेऊ शकतो.

आता महाराष्ट्रातलीच एक नळी पाहू. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा होणार आहे. २०२३ साली केंद्र सरकारने तिच्या उभारणीला मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा चार-चार किलोमीटर लांब असतील आणि त्यांतून लेझरचा झोत निर्वात नळीतून जाईल. अमेरिकेतल्या लायगोच्या अशाच नळीचा व्यास सुमारे १.२ मीटर आहे. फार लांब नळीसाठी हिशेब सोपा असतो. त्रिज्येची आठपट करायची आणि लांबीच्या तिपटीने भागायचे. ०.६ मीटर त्रिज्या आणि ४००० मीटर लांबी घालून पाहा, ०.०००४ येतात. म्हणजे एका टोकातून शिरलेल्या दहा हजार रेणूंपैकी चारच दुसऱ्या टोकाला पोचतील, ९९९६ परत येतील. टोकाला जगातला सर्वांत मोठा पंप बसवला तरी दूरच्या भिंतीतून सुटलेले रेणू त्याच्यापर्यंत वेळेवर यायचे नाहीत. म्हणून अमेरिकेत नळ्या आधी कित्येक दिवस दीडशे अंशांच्या आसपास तापवून भिंतींतले पाणी काढून टाकले गेले. पंपाला जे रेणू मिळणारच नव्हते, ते सुटूच नयेत यासाठी.